काळी दारू आणि याइझूचा मासा

गेल्या हिवाळ्यात आमची इसोए वहिनी गेली. तिच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या, आत्म्याला निरोप द्यायच्या जेवणाला कात्सुनुमातली निम्मी वस्ती आली होती, आणि जो तो काखेत आपल्या घरची मोठी बाटली मारून आला होता. माझ्या भाचेसुना स्वयंपाकघराच्या दारात गोंधळून उभ्या.

"फुसाआत्या, तळलेल्या टोफूबरोबर कुठली द्यायची? आणि वांग्याबरोबर?"

"मला काय विचारता? मी नुसती पिणारी. सांगणारी तिकडे फोटोत बसलीय."

शेवटी त्यांनी हाताला लागेल ती बाटली ओतली. वरच्या उतारावरची आंबटढाण दारू गोड घेवड्याबरोबर गेली, आणि मिसोचा, आंबवलेल्या सोयाचा खारट लेप लावून भाजलेल्या वांग्याच्या नशिबी नदीकाठची मिळमिळीत आली. लोकांनी कसनुशी तोंडं केली आणि "छान, छान" म्हणाले. वहिनी असती तर तिनं सगळ्यांच्या हातातले पेले परत काढून घेतले असते. ती गेली हे मला त्या जेवणात पहिल्यांदा खरं वाटलं, स्मशानात वाटलं नव्हतं.

आता सगळे वाइन म्हणतात. तोक्योहून लोक येतात, काचेच्या उंच पेल्यात चार थेंब घेऊन गोल गोल फिरवतात आणि डोळे मिटतात. आमच्या वेळी ती साधी द्राक्षदारू होती आणि चहाच्या जाड पेल्यातून प्यायची होती. वस्तीचं एक सामाईक गाळपघर असे. शरदात प्रत्येकाच्या मांडवावरची कोशू द्राक्षं, ती आमच्याकडची फिकट गुलाबी सालीची, तिथे जात आणि वसंतात पांढरी दारू होऊन घरोघर परत येत. मग ती कुणी लाकडी जमिनीखाली ठेवी, कुणी मिसोच्या पिंपाशेजारी. हिवाळ्यात घरोघरी पाळीपाळीनं भिशी बसायची. भिशी नावाला, खरा उद्योग पिण्याचा आणि दुसऱ्याच्या दारूला नावं ठेवण्याचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय मी आधी दारूच्या बाबतीत शिकले, मुलांच्या बाबतीत नंतर.

त्यात आमचे बाबा, तोकुजी मिमोरी, गाळपघराचे प्रमुख. त्यांना सगळ्यांसारखी पांढरी दारू करून समाधान नव्हतं. त्यांनी घरामागच्या तुकड्यात काळी द्राक्षं लावली आणि ती गाळायला लोहाराकडून एक वेगळा दाब, द्राक्षं पिळायचं यंत्र, घडवून घेतला, तळापासून मळसूत्रापर्यंत अख्खा लोखंडी. त्यातून निघायची ती काळीभोर दारू बाबांचा जीव की प्राण होती. आमच्याकडच्या भिशीत शेवटची फेरी तिची असे आणि ती बाबा स्वतःच्या हातानं ओतत. लोक पहिला घोट घेऊन मान डोलवत, कारण गाळपघराच्या किल्ल्या बाबांच्या कमरेला होत्या.

माझा भाऊ योशिहारु, म्हणजे दादा, दर शरदात द्राक्षांच्या पेट्या घेऊन आगगाडीनं समुद्राकडे विकायला जाई. एका वर्षी तो याइझू बंदरात पेट्या विकून आला तो लग्न ठरवूनच. मुलगी इसोए, वडील मात्सुकिची तेराओ. तेराओ बंदरावरच्या मासळीच्या लिलावात होते. ट्यूनाच्या शेपटीकडचा काप हुंगायचा, बोटावर चोळायचा आणि मासा किती मोलाचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मान हलवली की मोठमोठे व्यापारी हात मागे घेत, असं दादा कौतुकानं सांगायचा. डोंगरातल्या घरात खारी सून येणार म्हणून वस्तीत कुजबुज झाली. आमच्याकडे म्हणतात, एक नणंद म्हणजे हजार राक्षस. आई आधीच गेलेली, घरात सासू नाही, तेव्हा हजार राक्षसांचं काम मला एकटीलाच करायचं होतं. मी तशी तयारीही केली होती.

पण लग्नाच्या दिवशीच जे झालं, त्यानंतर मला तिला छळण्याचा धीर झाला नाही.

लग्न आमच्या घरी होतं, द्राक्षं उतरून पानं लाल झाली होती त्या दिवसांत. तेराओ आले ते भाताच्या पेंढ्यात आणि बर्फात गुंडाळलेला ट्यूनाचा भला मोठा तुकडा घेऊन. मुलीचे वडील असून ते बैठकीत बसले नाहीत. अंगातला चांगला कोट काढून ते आमच्या स्वयंपाकघरात शिरले, आणि स्वतःच्या सुरीनं कच्चेच खायचे काप करत म्हणाले, "कालच बोटीतून उतरलाय. डोंगरात असा मासा कुणी खाल्ला नसेल." म्हणाले ते अभिमानानं, पण वस्तीतल्या बायकांच्या कानांना ते जरा टोचलं.

लाल रंग शुभ म्हणून बाबांनी त्या दिवशी पांढरी दारू बाजूला ठेवली आणि सगळ्यांना काळी ओतली. मी ताटं फिरवत होते. लोकांनी एक घोट घेतला, एक काप तोंडात टाकला, आणि एकेकाचा चेहरा बदलू लागला. कुणी तोंडासमोर रुमाल धरला, कुणी घाईघाईनं लोणचं उचललं. शेजारचे हागिहारा काका, ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "समुद्राकडच्यांना वाटतं, डोंगरातल्यांना ताजं काय नि शिळं काय कळतंय."

आता खरं सांगायचं तर मासळीला वास येतो याचं आम्हाला नवल नव्हतं. कच्चा मासा वर्षातून एकदोनदा यायचा, समुद्र कुठच्या कुठे, वास येणारच, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. पण कालचा म्हणून सांगायचं आणि वर असा वास, ही आम्हाला शुद्ध फसवणूक वाटली.

बाबांनीही काप खाल्ला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "मासे उचल सगळे."

मी भरलेल्या बशा परत स्वयंपाकघरात नेल्या. तेराओ हात पुसत होते. त्यांनी बशांकडे पाहिलं, मग एक काप उचलून तोंडात टाकला आणि डोळे बारीक करून चावला. दुसरा खाल्ला.  कोट घालून ते बाहेर गेले आणि सगळ्या मंडळींसमोर चटईला कपाळ टेकून म्हणाले, "चूक माझी आहे. माफ करा." मुलीचे वडील होते, दुसरं करणार काय? संध्याकाळच्या गाडीनं ते निघून गेले. वहिनी नवरीच्या पांढऱ्या टोपड्याखाली मान घालून बसली होती, मला तिची फक्त हनुवटी दिसत होती.

त्यानंतर तेराओ आमच्याकडे आले नाहीत. पहिला नातू झाला तेव्हाही नाहीत. सुकवून लाकडासारखा कडक केलेला मासा तेवढा यायचा, किसून कढणात घालायचा तो. ताजं असं काही त्यांनी पुन्हा कधी पाठवलं नाही. वहिनीनं माहेरी जायचं काढलं की तिकडून निरोप येई, इतक्या लांब कशाला त्रास घेतेस. ती निरोप ऐकायची आणि कामाला लागायची. एकदा मात्र विहिरीवर मला म्हणाली, "वन्सं, तो मासा चांगला होता."

"वहिनी, मीही खाल्ला होता."

"चांगला होता," ती म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली.

मला वाटलं, लेक आहे, बापाची बाजू घेणारच. पण वहिनीचं दुःख रडण्यातलं नव्हतं, शोधण्यातलं होतं. कोफू शहरातून एक मासळीवाला सायकलवर येई. त्याच्याकडून ती तुकडाभर मासळी घ्यायची आणि आपले प्रयोग करायची. आधी तिचा संशय आमच्या विहिरीच्या पाण्यावर होता. मग लाकडी पाटावर. मग सोयाच्या बरणीवर. पाट उन्हात वाळवला, बरणी बदलली, मासा ओढ्याच्या पाण्यात धुऊन पाहिला. दादा वैतागायचा. "झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार आहे तुला?" ती म्हणे, "काही नाही," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उलगडा तिला दुसऱ्याच्या घरी झाला. हागिहारांकडे भिशी होती आणि माणसं कमी म्हणून वहिनीला मदतीला बोलावलं होतं. तिनं तिथे सुका बांगडा भाजला. हागिहारांनी आपली पांढरी कोशू ओतली, लोकांनी बोटं चाटली. पुढची पाळी आमची. तोच मासळीवाला, तोच बांगडा, भाजणारी तीच. बाबांनी शेवटी काळी ओतली तेव्हा ताटात थोडा बांगडा उरला होता, आणि हागिहारा काका म्हणाले, "तोकुजी, तुझ्या घराला मासळी मानवत नाही बघ." सगळे हसले. वहिनी मात्र चुलीपाशी तशीच उभी राहिली. तिच्या हातातला चिमटा चुलीवर तापत होता, तो मी काढून घेतला.

त्या दिवसापासून तिनं दारू जमवायला सुरुवात केली. स्वतः ती थेंबाला शिवत नसे, समुद्राकाठी त्यांच्याकडे भाताची साके पितात आणि तीही बाप्ये. आता भिशीनंतर मोठ्या बाटल्यांच्या तळाशी जे उरेल ते ती सोयाच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून मिसोच्या पिंपामागे ठेवू लागली. एका दुपारी मी तिला तिथे पेला तोंडाला लावलेली पकडली.

"वहिनी, ही कुठली नवीन सवय? दादाला सांगू?"

"सांगा. पण आधी हे प्या."

तिनं माझ्यापुढे मुळ्याच्या पानांचं लोणचं ठेवलं आणि वरच्या उतारावरच्या वस्तीची दारू. मी आंबट म्हणून तिला नेहमी नाक मुरडायची. लोणच्याचा घास खाऊन प्यायले तर तिचा आंबटपणा गेला कुठे कळेना. मग नदीकाठची मऊ दारू आणि तळलेला टोफू. मग तिसऱ्या एका घरची, जुनी होऊन पिवळी पडलेली, जी सगळे फेकायच्या लायकीची म्हणत, आणि मिसो लावलेलं वांगं. तिघींना तीन नवरे असे नेमके जुळले होते की मी हसायलाच लागले.

"तुम्ही तर मध्यस्थीण झालात वहिनी. लग्नं जुळवताय."

"जुळतात त्यांची जुळवते," ती म्हणाली. "आता न जुळणारं बघा."

तिनं कोफूवाल्याकडून मुद्दाम मागवलेले ट्यूनाचे दोन काप काढले. एक पांढऱ्या कोशूबरोबर खाल्ला. मासा गोड लागला, स्वच्छ, असं काही मी मासळीचं म्हणून कधी चाखलंच नव्हतं. दुसरा बाबांच्या काळ्या दारूबरोबर. घोट गिळला आणि तोंडात असा काही भपकारा उठला, गंजक्या खिळ्याला सडकी मासळी पुसल्यासारखा, की मी थुंकायला पळाले. तोच वास. लग्नातला.

मी परत आले तर वहिनी ओट्याला टेकून रडत होती. लग्नापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. "आबांच्या माशाचा वास नव्हता वन्सं," एवढंच म्हणत राहिली.

पुढे खूप वर्षांनी एका वाइनच्या कारखान्यातल्या माणसानं सांगितलं की दारूत लोखंड उतरलं की मासळीचा असा वास उठतो, आणि कोशूत लोखंड नसल्यातच जमा असतं. बाबांचा दाब तर अख्खा लोखंडी. पण त्या दुपारी आम्हाला कारण ठाऊक नव्हतं, जिभेला कळलं तेवढंच. आणि जिभेला कळलेलं बाबांच्या पुढ्यात बोलणार कोण? सासऱ्याच्या जीव की प्राण दारूत खोट आहे, हे सुनेनं सांगायचं, तेही आपल्या बापाला सोडवण्यासाठी. दादाला विचारलं तर त्यानं कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, मी सांगते. वहिनी नको म्हणाली. "सांगितलेलं मामंजींना पटणार नाही. चाखलेलं पटेल. त्यांची जीभ खोटं बोलत नाही."

पुढच्या हिवाळ्यात आमची पाळी आली तेव्हा वहिनीनं कोफूहून ट्यूना मागवला. अर्धा पहिल्या फेरीला कोशूबरोबर वाढला, अर्धा अंगणातल्या बर्फात पुरून ठेवला. मंडळी चवीनं खात होती. हागिहारा काका मिशा पुसत म्हणाले, "आज मासा झकास आहे सूनबाई. माहेरचा नाही वाटतं."

"नाही काका, कोफूचा."

हशा पिकला. बाबाही हसले. मला त्या क्षणी काकांच्या डोक्यावर कढणाचं भांडं उपडं करावंसं वाटलं, पण वहिनी शांतपणे बशा गोळा करत होती.

शेवटी बाबा उठले आणि त्यांनी काळी ओतली. वहिनीनं बर्फातला मासा आणून पुढे ठेवला. बशी ठेवताना ती पेल्यावर आपटली. हागिहारा काकांनी घोट घेतला, काप खाल्ला आणि तोंड फिरवलं. "हा कुठला काढलात? हा शिळा आहे."

"तोच आहे काका," वहिनी म्हणाली. "त्याच तुकड्याचा अर्धा."

 बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि एक काप तोंडात टाकला. वर काळ्या दारूचा घोट घेतला. त्यांचा चेहरा आवळला. मग त्यांनी चहानं चूळ भरली आणि दुसरा काप कोरडाच खाल्ला, सावकाश. मग माझ्याकडे हात पुढे केला, मी कोशूचा पेला दिला. तिसरा काप त्याच्याबरोबर. मग पुन्हा काळी. गाळपघरात नवी दारू तपासताना ते असेच बसत, मांडीवर एक हात आणि नजर कुठेच नाही.  त्यांना राग आला असता तर वहिनीचं त्या घरातलं स्थान कायमचं गेलं असतं, आणि तेराओंचं नाव कायमचं बुडालं असतं.

बाबांनी पेला खाली ठेवला. "लग्नात मी काय ओतलं होतं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. 

"काळी," त्यांनी स्वतःच सांगितलं. मग हागिहारा काकांकडे वळून म्हणाले, "तेव्हा तू बोललास, मी गप्प बसलो. तुझ्यापेक्षा माझं जास्त चुकलं." काका खाली बघू लागले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जीभ सापडेना. बाबा उठून गाळपघराकडे गेले. सकाळी आम्ही उठलो तर ते अंगावर चांगला किमोनो चढवून, कापडात दोन बाटल्या बांधून पायरीवर बसलेले.

"सूनबाई, आवर. तुझ्या माहेरी जायचंय. फुसा, तूही चल, पोराला घ्यायला कुणीतरी लागेल."

दादाला छाटणी होती, तो स्टेशनपर्यंत आला. कोफूला गाडी बदलली, मग नदीच्या कडेकडेनं खाली खाली. वाटेत बाबा एक शब्द बोलले नाहीत. वहिनीही नाही. मी आपली पोराला खिडकीतून फुजी दाखवत बसले, दोघांच्या मध्ये बसणं म्हणजे देवळाच्या दोन खांबांमध्ये बसण्यासारखं होतं.

याइझूला आम्ही आधी बंदरावर गेलो, दिवसा तेराओ लिलावातच सापडतील म्हणून. वहिनी पुढे, झपाझप, तिला तिथला दगड न् दगड माहीत. एका ओळखीच्या हमालाला तिनं विचारलं, "आबा आत आहेत?"

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. "तुला माहीत नाही? म्हातारा केव्हाच बाहेर पडला लिलावातून. तुझं लग्न झालं त्याच हिवाळ्यात. पलीकडे जाळी विणतोय बघ."

वहिनीचे पाय थांबले. तिला वाटत होतं, वडील आपल्यावर रागावलेत, सासरी आपण गप्प बसलो म्हणून. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

शेडच्या कडेला तेराओ उकिडवे बसून फाटकं जाळं सांधत होते. पार वाळले होते. आम्हाला पाहून ते गडबडून उठू लागले, पण त्याआधी बाबा त्या ओल्या, खवल्यांनी बरबटलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. चांगला किमोनो, आणि कपाळ खाली.

"व्याही, हे काय करताय? उठा, लोक बघतायत."

"बघू दे. त्या दिवशीही लोक बघत होते," बाबा म्हणाले. "तुमचा मासा चांगला होता. वास माझ्या दारूचा होता."

तेराओंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि जाळ्याच्या ढिगावर बसवलं. मग कसंनुसं हसले. "समजूत घालायला इतक्या लांब आलात. पण मला माहीत आहे ना. मी तो मासा तुमच्या स्वयंपाकघरात खाल्ला होता. मला तो चांगला लागला. बाहेर एवढ्या माणसांना वास आला आणि मला आला नाही. म्हणजे नाक गेलं माझं. लेकीच्या लग्नात ज्याला कळलं नाही, त्यानं दुसऱ्यांना मासा काय पारखून द्यायचा?"

बाबांनी बाटल्या पुढे ओढल्या. त्यांनी कापड सोडलं. वहिनी धावत लिलावात गेली आणि ट्यूनाचा तुकडा घेऊन आली. तेराओंनी सवयीनं सुरी काढली, काप केले. बाबांनी आधी पांढरी ओतली, मग काळी. तेराओंनी पहिला काप खाऊन मान डोलावली. दुसऱ्याला ते थांबले. तोंडावर हात धरला, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"येतोय," ते म्हणाले. "वास येतोय मला."

बाबांनी काळ्या दारूची बाटली बंदराच्या पाण्यात रिती केली. घरी गेल्यावर त्यांनी लोखंडी दाब मोडीत काढला आणि लाकडी करून घेतला. पुढे त्याची काळी दारू चांगली व्हायची, वहिनी ती सोया-साखरेत आटवलेल्या कोंबडीच्या काळजाबरोबर वाढायची आणि माणसं ताट चाटत. पण ते पुढचं. त्या दुपारी दोघे म्हातारे जाळ्यावर शेजारी शेजारी बसून पांढरी पीत होते, एकाच पेल्यातून, कारण आम्ही पेला एकच नेला होता.

मध्येच तेराओ वहिनीकडे वळले. "इसोए, तुला तरी त्या दिवशी कळलं होतं का ग? तुला तो मासा कसा लागला होता?"

"मी कुठे खाल्ला, आबा," वहिनी म्हणाली. "मी नवरी होते. मला घाससुद्धा तोंडात घालायचा नव्हता."

"मग इतकी वर्षं कशाच्या जोरावर म्हणत होतीस, चांगला होता म्हणून?"

वहिनीनं पोराला माझ्या मांडीवरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही आणला होता ना," ती म्हणाली.